नाणे दिसावे, घर दिसू नये

समाजमाध्यमांनी नाणेसंग्रहाच्या छंदाला नवे अंगण मिळवून दिले. मात्र या अंगणाला कुंपण नाही, याचे भान फारच थोड्या संग्राहकांना असते. एका साध्या छायाचित्रातून परक्याला काय काय कळू शकते आणि ते टाळायचे कसे, याचा हा आढावा.

नाणेसंग्राहकांच्या कोणत्याही व्हॉट्सअॅप गटावर रविवारी संध्याकाळी नजर टाकली, तर दृश्य ठरलेले असते. कुणी नुकतीच मिळालेली शिवराई तळहातावर घेऊन तिचे छायाचित्र टाकलेले असते. कुणी सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया खरा की बनावट, अशी विचारणा केलेली असते. कुणी मुंबईच्या टांकसाळीतून आलेल्या स्मारक नाण्यांची पेटी उघडून दाखवलेली असते. काही मिनिटांत जाणकारांची मते येऊ लागतात. एकेकाळी असे मत मिळवायचे तर एखाद्या वस्तुसंग्रहालयाचे उंबरठे झिजवावे लागत, नाही तर नाशिकजवळ अंजनेरीला असलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीजसारख्या संस्थेकडे जावे लागे. आता खेड्यातल्या शाळकरी मुलालाही आपल्या हातातले नाणे कोणत्या राजवटीचे हे घरबसल्या कळते. हा लाभ लहान नाही आणि तो कुणी सोडून द्यावा असे सुचवण्यातही अर्थ नाही.

प्रश्न नाण्याचा नसून नाण्याभोवतीच्या चौकटीचा आहे. वस्तुसंग्रहालयातील नाणे काचेआड असते. तेथे पहारेकरी असतो, गजर असतो. खासगी संग्राहकाचे नाणे त्याच्या घरातील कपाटात असते आणि त्या कपाटाला बहुधा कपड्यांच्या कपाटाचेच कुलूप असते. घरफोडी करणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात : वस्तू कोणती, ती कोठे आहे आणि घरात कुणी केव्हा नसते. पूर्वी हे समजण्यासाठी पाळत ठेवावी लागे. आता तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा संग्राहक स्वतःच, निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या ठिकाणी देऊन मोकळा होतो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये पॅरिसमध्ये अमेरिकी दूरचित्रवाणी तारका किम कर्दाशियन हिच्यावर पडलेला दरोडा या संदर्भात आठवण्याजोगा आहे. दागिने इंटरनेटवर दिसत होते, ते खोटे नाहीत हेही तेथेच समजत होते आणि ती शहरात केव्हा येणार हेही, अशा आशयाचा जबाब आरोपींपैकी एकाने पोलिसांना दिला होता. मे २०२५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने या प्रकरणात आठ जणांना दोषी ठरवले. तारकेची गोष्ट वेगळी आणि सदाशिव पेठेतल्या निवृत्त शिक्षकाची वेगळी, असे कुणी म्हणेल. परंतु माहिती जुळवण्याची रीत दोन्हीकडे एकच असते, आणि निवृत्त शिक्षकाच्या दाराशी अंगरक्षकही नसतो.

आपला संग्रह काही लाखांचा नाही, मग भीती कशाची, असाही एक समज आढळतो. तो तितकासा खरा नाही. पेशवाईतील दुदांडी शिवराई बाजारात भरपूर मिळते व तिची किंमत बेताचीच असते, हे संग्राहकाला ठाऊक असते. चोराला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने पाहिलेली असते ती ‘जुने नाणे द्या, लाखो रुपये मिळवा’ अशी चित्रफीत. नाण्याचे खरे मोल काय यापेक्षा पाहणाऱ्याला ते किती वाटते, यावर धोका अवलंबून असतो.

तुकड्यातुकड्यांनी जमणारा पत्ता

‘मी पत्ता कधीच टाकत नाही,’ असे बहुतेक जण सांगतात आणि ते खोटे नसते. पण पत्ता एकसंध टाकावा लागतच नाही. मोठ्या व्हॉट्सअॅप गटात हजाराच्या घरात सभासद असू शकतात आणि सर्वसाधारणपणे प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक इतरांना दिसतो. हा क्रमांक एखाद्या यूपीआय अॅपमध्ये टाकला, की खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव समोर येते. त्या नावाने फेसबुकवर शोध घेतला, की गाव, नोकरीचे ठिकाण, मुलांची शाळा आणि सोसायटीच्या गणेशोत्सवात घेतलेले सामूहिक छायाचित्र सापडते. त्या छायाचित्रात मागे सोसायटीच्या नावाची कमान असते. एवढ्या चार पायऱ्यांत अनोळखी माणूस फाटकापर्यंत येऊन पोहोचतो आणि यात त्याने कोणतेही कुलूप फोडलेले नसते.

यात भर पडते ती घरच्यांची. संग्राहक स्वतः सावध असला तरी मुलगा ‘बाबांचे कलेक्शन’ म्हणून चित्रफीत टाकतो, भाचा त्यात मामाचे नाव जोडतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री चौरंगावर मांडलेले चांदीचे रुपये, आजीची पुतळ्यांची माळ आणि नव्या गाडीची किल्ली एकाच छायाचित्रात येतात व ते छायाचित्र दहा गटांत फिरते. छंदविषयक पुरवण्यांनीही या बाबतीत फारशी काळजी घेतलेली नाही. ‘अमुक नगरातील तमुक यांच्याकडे दोनशे देशांची नाणी’ अशी बातमी नाव, वस्ती व कपाटासमोरील छायाचित्रासह छापली जात असे आणि तिचे कात्रण आजही इंटरनेटवर सापडते.

टपालाचेही तसेच. टांकसाळीतून किंवा विक्रेत्याकडून आलेल्या पार्सलचे छायाचित्र टाकण्याची हौस अनेकांना असते. पार्सलवरच्या चिठ्ठीवर नाव, संपूर्ण पत्ता, पिनकोड, बहुधा मोबाइल क्रमांक आणि पार्सलचा माग काढता येणारा क्रमांक असतो. पत्त्यावर काळी रेघ ओढून बारकोड तसाच ठेवणारे कमी नाहीत. चिठ्ठी पूर्ण झाकावी किंवा पाकीट बाजूला ठेवून केवळ नाण्याचे छायाचित्र घ्यावे, हा सरळ मार्ग. मोबाइलमधील हायलायटरने मजकुरावर रंग फासणे पुरेसे नसते. चित्राचा उजेड वाढवला, की त्याखालची अक्षरे पुष्कळदा वाचता येतात. तेवढा भाग कापूनच टाकलेला बरा.

बंद गट म्हणजे सुरक्षित गट, हीसुद्धा गैरसमजूतच. फेसबुकवरील खासगी गटात पाच-दहा हजार सभासद असतील, तर खासगी या शब्दाला नावापुरताच अर्थ उरतो. कोण कोणाला ओळखतो याची खातरजमा करणे गटाच्या चालकालाही शक्य नसते. शिवाय एका गटातले चित्र दुसऱ्या गटात पाठवायला दोन क्षण पुरतात.

छायाचित्राच्या पोटात काय असते?

मोबाइलने काढलेल्या प्रत्येक छायाचित्रासोबत काही अदृश्य माहिती साठवली जाते. तंत्रज्ञ तिला एक्झिफ माहिती म्हणतात. छायाचित्र कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या बनावटीच्या मोबाइलने काढले याची नोंद तीत असते. आणि कॅमेऱ्याला स्थान नोंदवण्याची परवानगी दिलेली असेल, तर अक्षांश-रेखांशही असतात. हे आकडे नकाशावर टाकले, की काही मीटरांच्या फरकाने ते घर दाखवता येते.

या माहितीने केवढा घोटाळा होऊ शकतो, याचे उदाहरण डिसेंबर २०१२ मधले आहे. मध्य अमेरिकेतील बेलीझ देशातून निसटलेले संगणक व्यावसायिक जॉन मॅकॅफी यांचे छायाचित्र ‘व्हाइस’ या नियतकालिकाने आपल्या संकेतस्थळावर टाकले. चित्राच्या पोटातील अक्षांश-रेखांश काढून टाकायचे राहून गेले आणि ते ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले. ज्याने संगणक-सुरक्षेवर कंपनी उभारली त्याच्या बाबतीत हे घडले, ही यातील खरी गंमत.

समाजमाध्यमांची वागणूक येथे सारखी नाही. फेसबुक व इन्स्टाग्राम चित्र प्रसिद्ध करताना ही माहिती काढून टाकतात, म्हणजे पाहणाऱ्याला ती मिळत नाही. कंपनीला मात्र मिळते. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्रातूनही ती गळते. परंतु नाणे पारखणाऱ्यांना बारकावे दिसावेत म्हणून संग्राहक हेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतात. तसे केल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते आणि अक्षांश-रेखांशही सोबत जातात. ई-मेलचेही तेच. म्हणजे अधिक स्पष्ट चित्र देण्याच्या चांगल्या हेतूनेच घराचे ठिकाण परक्याच्या हाती पडते. संग्राहकांत हा धोका सर्वाधिक आणि त्याची जाणीव सर्वांत कमी, असे म्हणावे लागेल.

उपाय मात्र अगदी सोपा आहे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याला दिलेली स्थानाची परवानगी काढून घ्यावी. मग पुढच्या चित्रांत ती नोंद येणारच नाही. आधीच काढलेल्या चित्रांसाठी संगणकाचा उपयोग होतो. विंडोजमध्ये फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या भागात खाली ही माहिती पुसण्याची सोय दिलेली असते. आयफोनवर चित्र पाठवतानाच ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन स्थान वगळता येते.

अदृश्य माहितीनंतर दृश्य माहितीकडे वळावे. खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची पाटी, भिंतीवरचे दुकानाच्या नावाचे कॅलेंडर, टेबलावर पडलेले वीजबिल, मागे अर्धवट उघडे असलेले कपाट या सर्व गोष्टी छायाचित्र काढणाऱ्याला दिसत नाहीत, कारण त्याचे लक्ष नाण्यावर असते. टांकसाळीची प्रूफ नाणी तर आरशासारखी चकचकीत असतात; त्यांच्या पृष्ठभागावर खोलीचे आणि छायाचित्रकाराचे प्रतिबिंब स्पष्ट उमटते. एकरंगी कापड, वरून पसरट प्रकाश आणि चौकटीत केवळ नाणे, हा संग्रहालयांचा शिरस्ता घरीही पाळण्यासारखा आहे. त्याने नाणेही अधिक चांगले दिसते.

आणि बोटे. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत नाणे धरून अगदी जवळून घेतलेले छायाचित्र हा या क्षेत्रातला लोकप्रिय प्रकार. डिसेंबर २०१४ मध्ये जर्मनीतील यान क्रिसलर या सुरक्षातज्ज्ञाने तत्कालीन संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेअर लायन यांच्या बोटाचा ठसा केवळ छायाचित्रांवरून तयार करून दाखवला होता. भारतात आधारशी जोडलेल्या बँक खात्यातून अंगठ्याच्या ठशाने पैसे काढता येतात आणि नक्कल केलेले ठसे वापरून असे पैसे लुबाडल्याचे प्रकार देशाच्या अनेक भागांत उघडकीस आले आहेत. या ठशांना कुलूप लावण्याची, म्हणजेच ‘बायोमेट्रिक लॉक’ची सोय आधार प्राधिकरणाने दिलेली आहे, ती वापरावी. नाण्याचे पोट बोटांनी धरू नये, कडेने धरावे, हा तर नाणकशास्त्रातला पहिला धडा. घामाने धातू डागळतो म्हणून तो सांगितला गेला. आता त्याला आणखी एक कारण मिळाले आहे.

गिऱ्हाईक बनून येणारे

घरफोडीपेक्षा कितीतरी अधिक वेळा संग्राहकाला गाठतो तो भामटा, आणि तो दारात नव्हे, मोबाइलवर येतो. नाण्याचे छायाचित्र टाकताच ‘हे नाणे मी पाच लाखांना घेतो’ असा निरोप येतो. नंतर नोंदणी शुल्क, वस्तू व सेवा कर, वाहतूक विमा आणि शेवटी रिझर्व्ह बँकेचे ‘ना हरकत प्रमाणपत्र’ अशा नावांखाली विकणाऱ्याकडूनच रक्कम उकळली जाते. विश्वास बसावा म्हणून बँकेचे बोधचिन्ह छापलेले पत्रही धाडले जाते. हे प्रकार इतके वाढले, की ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर निवेदन काढावे लागले. जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, अशा व्यवहारांसाठी बँक कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही आणि तसे करण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट केले होते.

दुसरा प्रकार पैसे ‘पाठवण्या’चा. खरेदीदार क्यूआर कोड धाडतो व पैसे मिळवण्यासाठी तो स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. फसगत झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर त्वरित कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी ती गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

तिसरा प्रकार छायाचित्राच्याच चोरीचा. एखाद्याच्या शिवराईचे चित्र उचलून दुसराच माणूस ते नाणे आपले म्हणून विकायला काढतो, आगाऊ रक्कम घेतो व दिसेनासा होतो. ज्याचे चित्र चोरले त्याच्याकडे मग फसलेल्यांचे फोन येतात. चित्राच्या मधोमध, नाण्यावरूनच जाईल असे फिकट नाव घालणे हा यावरचा उपाय. कोपऱ्यातले नाव कापून टाकायला वेळ लागत नाही. खरेदी करणाऱ्याने तर विक्रेत्याकडे एक मागणी जरूर करावी : कागदाच्या चिठ्ठीवर आजची तारीख व आपले नाव लिहून ती नाण्याशेजारी ठेवून काढलेले ताजे छायाचित्र. ज्याच्याजवळ नाणे नाही त्याला ते देता येत नाही.

घरी येऊन संग्रह पाहू इच्छिणाऱ्या अनोळखी व्यक्तीला नम्रपणे नकार द्यावा. व्यवहार बँकेच्या आवारात, प्रदर्शनात किंवा ओळखीच्या विक्रेत्याच्या दुकानात करावा. प्रदर्शनातून परतताना थेट घरी न जाता मध्ये कोठे थांबण्याची सवय मात्र घातक. गाडीत पेटी ठेवून जेवायला उतरलेल्या संग्राहक व विक्रेत्यांना लुटण्याच्या घटना अमेरिकेत वारंवार घडतात आणि तेथील न्यूमिस्मॅटिक क्राइम इन्फर्मेशन सेंटर ही संस्था त्याबाबत सातत्याने इशारे देते. ‘आज प्रदर्शनात अमुक घेतले, आता परतीच्या वाटेवर’ ही ओळ छायाचित्रासह टाकणे म्हणजे हेच आमंत्रण मराठीत लिहिणे होय. ती दोन दिवसांनी टाकली तर काहीही बिघडत नाही. गावी किंवा सहलीला जातानाच्या छायाचित्रांनाही हाच नियम लागू.

नाणे कोठे सापडले?

‘हे आमच्या शेतात सापडले’ किंवा ‘नदीच्या वाळूत मिळाले’ असे लिहून नाण्याचे चित्र टाकणारे बरेच असतात. यात गोपनीयतेबरोबर कायद्याचाही प्रश्न आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास तिची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. न दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खबर न देता छायाचित्र टाकणारा स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच प्रसिद्ध करतो.

नंतर चित्र पुसून टाकले, तरी सुटका होत नाही. २०१५ मध्ये इंग्लंडमधील हेरफर्डशायर परगण्यात दोन धातुशोधकांना व्हायकिंग काळातील सुमारे तीनशे नाण्यांचा साठा सापडला व त्यांनी तो दडवला. त्यांच्या मोबाइलमधील पुसून टाकलेली छायाचित्रे पोलिसांच्या तज्ज्ञांनी पुन्हा मिळवली. २०१९ मध्ये न्यायालयाने एकाला दहा, तर दुसऱ्याला साडेआठ वर्षांची शिक्षा ठोठावली. अपिलात ती कमी झाली. हाती लागलेली नाणी जेमतेम ३१. बाकीचा साठा किती मोलाचा होता, हे सांगायला त्या पुसलेल्या छायाचित्रांचाच आधार उरला.

महाराष्ट्रात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. पैठण, तेर, नेवासे, जुन्नर ही सातवाहनकालीन स्थळे. तेथील पांढरीच्या मातीत आजही नाणी मिळतात. अचूक ठिकाण सांगणारी एक नोंद फिरली, की दुसऱ्या रात्री तेथे फावडी घेऊन माणसे येतात. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या साठ्यात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटवलेली होती. साठा एकत्र अभ्यासता आला म्हणूनच नहपानाच्या पराभवाचा एवढा भक्कम पुरावा इतिहासाला लाभला. तो एकेक करून विकला गेला असता, तर प्रत्येक नाणे केवळ एक ‘जुना सिक्का’ ठरले असते. ब्रिटनमधील पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या सरकारी नोंदणी व्यवस्थेत सापडलेल्या वस्तू सर्वांना पाहता येतात, परंतु त्या नेमक्या कोठे मिळाल्या हे जाणूनबुजून ढोबळच ठेवले जाते. सापडलेल्या नाण्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना नेमकी द्यावी. समाजमाध्यमांवर ठिकाण लिहू नये.

परदेशस्थ मराठी मंडळींकडून फेसबुकवर शिवराईला मागणी येते, तेव्हाही सावध राहायला हवे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. न्यू जर्सीच्या भाच्याला भेट म्हणूनही नाही.

गोपनीयतेचा कायदा यात संग्राहकाच्या मदतीला येईल का? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम आला. मात्र एखाद्याने आपली माहिती स्वतःच जगजाहीर केली असेल, तर त्या माहितीला हा अधिनियम लागू होत नाही, अशी तरतूद त्यातच आहे.

तेच छायाचित्र, पण कपाटातले

या सगळ्यावरून छायाचित्रच काढू नये असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो उलटा ठरेल. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी उत्तम छायाचित्र संग्राहकाकडे असलेच पाहिजे. फक्त ते प्रदर्शनासाठी नव्हे, नोंदीसाठी.

चोरीनंतर पोलीस ठाण्यात फिर्याद देताना ‘जुनी नाणी, अंदाजे दोनशे’ एवढेच लिहिले गेले, तर पुढे मुद्देमाल हस्तगत झाला तरी तो आपलाच हे न्यायालयात दाखवणे अवघड जाते. येथे हाताने पाडलेल्या जुन्या नाण्यांचा एक गुण कामी येतो. शिवराईचा साचा पुष्कळदा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे प्रत्येक नाण्यावर निराळ्या प्रमाणात उमटली. कोठे ‘श्री’ कापला गेला, कोठे बिंदूंची माळ एका बाजूला सरकली. एक शिवराई दुसरीसारखी नसते. तिचे छायाचित्र माणसाच्या छायाचित्राइतकेच ओळख पटवणारे असते. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांचे तसे नाही. तेथे टांकसाळीची खूण, म्हणजे मुंबईचा चौकटचा ठिपका किंवा हैदराबादची चांदणी, ही हजारो नाण्यांवर सारखीच असते. म्हणून अशा नाण्यावरील ओरखडा, कडेचा ठोका, काळपट डाग यांची नोंद वजनासह करावी लागते.

अशी ओळख पक्की असेल, तर काळ कितीही लोटला तरी नाणे परतू शकते. ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकेत मायामीजवळ विलिस द्यू पाँ यांच्या घरावर सशस्त्र दरोडा पडून त्यांचा प्रसिद्ध संग्रह लुटला गेला. त्यातील १८६६ चा एक दुर्मीळ डॉलर, ज्याचे दोनच नमुने ज्ञात आहेत, तो २००४ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी मिळाला. इतक्या प्रसिद्ध नाण्याला उजळ माथ्याने बाजारात येणे शक्यच नव्हते. सामान्य नाण्यांच्या वाट्याला मात्र वेगळे येते. १९४० पूर्वीचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि जवळजवळ ९२ टक्के चांदीचा. चोराच्या लेखी तो तोळाभर चांदीचा तुकडाच. भट्टीत गेला की संपला. नोव्हेंबर २०२२ मध्ये जर्मनीतील मांचिंग येथील संग्रहालयातून ४८३ केल्टिक सुवर्णनाणी चोरीस गेली. पुढील वर्षी संशयित पकडले गेले तेव्हा पोलिसांना सापडले ते वितळलेल्या सोन्याचे गोळे. म्हणून चोरी लक्षात येताच फिर्यादीबरोबर छायाचित्रे गावातील सराफ, नाण्यांचे विक्रेते आणि संग्राहकांचे गट यांच्याकडे त्याच दिवशी पोहोचवावीत. समाजमाध्यमांचा वेग तेव्हा मालकाच्या बाजूने धावतो.

खरेदीच्या पावत्याही जपाव्यात. पिढीजात नाण्यांच्या पावत्या नसतात; तेथे कुटुंबातील वाटणीपत्रात किंवा मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख असल्यास उपयोग होतो. सर्वसाधारण गृहविम्यात नाणी आपोआप धरली जातात असे समजू नये. दुर्मीळ वस्तू म्हणून त्यांची स्वतंत्र यादी व मूल्य देऊन संरक्षण मिळते का, हे विमा कंपनीला आधी विचारावे लागते.

बँकेची तिजोरी हा नेहमीचा पर्याय. त्याची मर्यादाही माहीत हवी. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याचा अपहार यांमुळे तिजोरीतील ऐवजाचे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकी असते. भाडे तीन हजार रुपये असेल, तर भरपाई जास्तीत जास्त तीन लाख. आत काय होते हे बँकेला ठाऊक नसते. पूर वा भूकंपासारख्या आपत्तींची जबाबदारी बँकेवर सहसा येत नाही. बँकांच्या तिजोरीविषयक नमुना करारात रोकड किंवा चलन ठेवण्यास मनाई आहे. जुन्या नोटा व चलनात असलेली स्मारक नाणी या मनाईत मोडतात का, हे शाखेकडून लेखी विचारून घेतलेले चांगले. छायाचित्रांसह केलेल्या यादीची एक प्रत घरी ठेवावी आणि दुसरी घराबाहेर, विश्वासू नातेवाइकाकडे किंवा त्या तिजोरीतच. कारण घरफोडी करणारे नाण्यांच्या पेटीबरोबर संगणकही उचलून नेतात.